अर्थिंगचा खड्डा कुणाच्या जमिनीत?

(निफाड तालुक्यातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरापोरींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसं लिहून दिलं आहे.)



संयोजकांनी कार्डावर माझा विषय छापलाय : 'सांस्कृतिक चळवळ : दिशा आणि आव्हाने'. कार्ड वाचलं आणि मी घाबरलो. दिशा मला ठाऊक नाही. मला निफाड ते लासलगाव, निफाड ते पिंपळगाव, निफाड ते सिन्नर हे रस्ते ठाऊक आहेत, तेबी रात्रीचे, टेम्पोच्या फाळक्यावर बसून बघितलेले. मी गायन पार्टीत बास गिटार वाजवतो. तीस वर्षं झाली. तेव्हा मी बासवर बोलणार, वायरीवर बोलणार, अर्थिंगवर बोलणार. त्यात चळवळ सापडली तर तुम्ही उचलून घ्या.

बास म्हंजी काय, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. कार्यक्रम संपला की माणसं स्टेजपाशी येतात. गायकाला हार. ढोलकीवाल्याला पन्नासची नोट. की-बोर्डवाल्याबरोबर फोटो. मला विचारतात, 'भाऊ, तुमची गिटार बिघडली होती का? वाजली नाही ती.' चार जाड तारा. सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते, बस. कानाला कमी, छातीला जास्त. मोबाइलवर कार्यक्रम रेकॉर्ड केला तर मी त्यात नसतोच. एकदा ऐन गाण्यात माझा जॅक तुटला, तर समोरच्या शेपाचशे माणसांनी माना वळवून मागं जनरेटरकडं बघितलं. त्यांना वाटलं, लाइट चालली. एवढीच माझी आजवरची पावती.

माझा आजा सूर धरायचा. तरुण पोरांना हे सांगावं लागेल. सनईच्या ताफ्यात एक जण चाल वाजवतो, संबळवाला ठेका देतो, आणि एक जण नुसता एकच सूर धरून बसतो. नाकानं श्वास आत, गालातली हवा बाहेर, सूर तुटता कामा नये. वरात वेशीपासून मारुतीपर्यंत जाईस्तोवर एकच सूर. लग्नात वाजवायचं, पोळ्याला वाजवायचं, पालखीपुढं वाजवायचं, आणि देवळाच्या पायरीखालीच थांबायचं. बदल्यात भाकरतुकडा आणि खळ्यावर पसाभर दाणे. सनई मंगल. सनईला तोंड लावणारा अमंगळ. त्याच्या छातीतली हवा नवरदेवाच्या कानात गेली तर लग्न शुभ, त्याच्या हातचं पाणी नवरदेवाच्या घशात गेलं तर नवरदेव बाटला. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली आणि आमच्या वस्तीनं गावकी सोडली. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा. आजा कायद्यासाठी थांबला नाही. त्यानं सनई माळ्यावर फेकली ती फेकलीच. पुढं तिची चिमणीत घालायची फुंकणी झाली.

तर मी 1991 साली नाशिकहून एक जुनी बास उधारीवर आणली, तेव्हा बाप महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा एकच बोलला. 'आज्यानं तोंडातनं काढलं, ते तू गळ्यात आडकवलं? परत त्यांच्याच दारात वाजवाया जाणार का?'

बापाचा प्रश्न खोटा नव्हता. आजही नाही.

त्याला मी कसबे सुकेण्याचं नाव सांगितलं. आपल्याच तालुक्यातलं गाव. भीमराव कर्डक तिथले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली नाशकात पेटला, आणि त्याच धगीत कर्डकांचा जलसा उभा राहिला. साचा तमाशाचाच. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, डफ तोच. आतला माल बदलला : मंदिरप्रवेश आला, शाळा आली, मेलेलं ढोर ओढू नका हे आलं. ज्या गावात वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथं जलसा पायी पोचला. या जलशांची किंमत बाबासाहेबांनी स्वतःच्या सभांपेक्षा कमी मानली नाही. म्हातारपणी कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं, 1978 साली निघालं. नसेल वाचलं तर आधी ते वाचा, मग बास शिका. आणि पलीकडं सिन्नर तालुक्यात देशवंडी, वामनदादा कर्डकांचं गाव. म्हंजी आपल्या पायाखालची माती गाणाऱ्यांची आहे. मी बापाला म्हणालो, हत्यार टाकून दिलं म्हणून लढाई जिंकत नाही. तो म्हणाला, 'जलसेवाले इमानाचं गायचे. तू काय, लग्नात नागीण वाजवणार.'

आता खरं सांगतो, इथं खोटं बोलून काय मिळवायचंय. भीमगीतांवर एप्रिल-मे निघतो. बाकी वर्षभर आम्ही लग्नं वाजवतो, हळदी वाजवतो, द्राक्षबागायतदारांच्या बंगल्यांवर वाजवतो. नागीणही वाजवतो. चळवळीतले काही मित्र नाक मुरडतात. त्यांचा पगार एक तारखेला होतो. आम्ही फक्त दोन गोष्टी ठरवल्या आहेत. विसार कागदावर घ्यायचा, आणि जेवण पंगतीत घ्यायचं. एका बंगल्यावर आमची पानं जनरेटरच्या मागं मांडली होती, डिझेलच्या धुरात. मालक म्हणाला, 'तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून तिकडं सोय केली.' आम्ही वायरी गुंडाळल्या आणि विसार परत केला. तुम्ही टाळ्या वाजवू नका. त्या रात्री टेम्पोचं भाडं आमच्या खिशातनं गेलं. पार्टीतला एक चांगला वादक दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'स्वाभिमान तुझा, उपास माझ्या पोरांचा', आणि पार्टी सोडून गेला. त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अजून शोधतोय.

दुसरं एक दुखणं. आपले विचारवंत भेटले की म्हणतात, बास म्हणजे संगीताचा पाया, आणि तुम्ही लोक समाजाचा पाया. मला हे कौतुक नको. पाया म्हंजी काय? ज्याच्यावर माती लोटायची आणि वरती दुसऱ्यानं राहायचं. शास्त्रानं शूद्राला पायातून जन्माला घातलं, आम्हाला तर पायातही जागा दिली नाही. आता हे म्हणतात पाया. पाय आणि पाया, एका कान्याचा फरक. आम्हाला वरच्या मजल्यावरची खोली पाहिजे, खिडकीसकट.

अमेरिकेत डेट्रॉइट शहरात जेम्स जेमरसन नावाचा काळा माणूस होता. 1960 च्या दशकात मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर सगळी अमेरिका नाचली, त्यांतल्या बहुतेक गाण्यांत बास याची. एका बोटानं वाजवायचा. रेकॉर्डच्या पाकिटावर गायकाचं नाव, कंपनीचं नाव, याचं नाव नाही. 1971 साली मार्विन गेच्या रेकॉर्डवर ते पहिल्यांदा नीट छापलं गेलं. 1983 साली तो मेला. सन्मान 2000 साली झाला, मेल्यावर सतरा वर्षांनी. आपल्याकडच्या कॅसेटी आठवा. भीमगीतांच्या कॅसेटी एप्रिलमध्ये गाडीवर ढिगानं विकल्या जायच्या. कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचा शिक्का. ढोलकी कुणाची, बेंजो कुणाचा, बास कुणाची? शोधून दाखवा. तिकडच्या ब्लॅक पँथर पक्षानं 1970 साली कार्यकर्त्यांचाच एक बँड उभा केला होता, 'द लम्पेन' नावाचा. दिवसा पक्षाचं वर्तमानपत्र वाटायचं, रात्री गायचं. 1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा आपण त्यांचं नाव घेतलं. बँडचं कुणी आपल्याला सांगितलं नाही.

जेमरसन तारा बदलत नसे, तुटेपर्यंत त्याच. हे ऐकून आमचा एक पोरगा म्हणाला, 'दादा, मी पण बदलत नाही.' अरे लेका, त्याला तो आवाज पाहिजे होता. तुला सेट परवडत नाही. दोन्ही एक नव्हे.

आता सामानाकडं येतो. इथून पुढं वही काढा.

आपलं सामान कशातनं जातं? पिकअपमधनं. ती पिकअप दिवसा लासलगावला कांदा नेते. तळाला ओल असते, पाती असते, वास असतो. त्यावर तुम्ही बास नुसत्या कापडी पिशवीत टाकता, वरून अॅम्प ठेवता, त्यावर ढोलकीवाला बसतो. मग म्हणता, मान वाकली. नीट सुरात लावलेल्या बासच्या चार तारा मिळून मानेवर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण असतो. एक माणूस कायम लटकलेला आहे असं समजा. तो ताण तोलायला मानेच्या आत लोखंडी सळई असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, मान हलते, तार पडद्यांपासून उठते नाहीतर त्यांवर घासते. सळई पिळायची असते, पण पाव फेरा. पाव. मग थांबायचं, वाजवून बघायचं. आमच्यातल्या एकानं जोर दाखवला, सळईच तुटली. ती बास आता भिंतीवर आहे.

मी काय केलं ते सांगतो. फळीवाल्याकडनं प्लायवूडची पेटी करून घेतली, आत जुनी गोधडी कापून लावली. आईनं शिवलेली गोधडी. माझ्या बासएवढी ऊब निफाडात फार पोरांना मिळत नसेल. चेष्टा नाही. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर उतरतो, कुंदेवाडीचा आकडा पेपरात छापून येतो. त्या थंडीत उघड्यावर स्टेज. तार आखडते, सूर चढतो. लाइट तापले, बोटं फिरली की परत उतरतो. म्हणून सामान स्टेजवर अर्धा तास आधी नेऊन उघडं ठेवायचं, त्याला हवा कळू द्यायची, मग सुरात लावायचं. ढोलकीचं चामडं वेगळं, ते ओलीनं उतरतं. दोघांनी एकमेकांकडं बघून लावा, ट्यूनरकडं बघून नुसतं नको.

वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसायच्या, वरून आणि खालून. घामानं तार मरते. दीड-दोन हजारांचा सेट आहे. मेलेल्या तारा पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या की आतला मळ निघतो, आठवडा-दोन आठवडे आवाज परत येतो. मी कैकदा केलंय. बायको ओरडते, पातेलं वेगळं ठेवा. ज्यांच्या बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आहे त्यांनी वाजवणं झालं की जॅक उपसून ठेवा. जॅक आत राहिला की बॅटरी रात्रभर जळते, आणि दुसऱ्या दिवशी ऐन गाण्यात मरते.

वायर कोपराभोवती गुंडाळू नका, दोरखंड नाही तो. आतली जाळी पिळून तुटते. एक वेढा सरळ, एक वेढा उलटा, तिच्या कलानं. आणि सोल्डर मारायला शिका! प्रत्येकानं. पोरींनीसुद्धा, पोरींनी आधी. इलेक्ट्रिक बासची जी घडण आज सगळं जग वाजवतं ती 1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरनं बाजारात आणली. हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मी उलटा होतो. वाजवता येत होतं, पण जॅकची एक तार सुटली की नाशिक गाठायचो. तिथला दुकानदार दोन मिनिटांच्या कामाला सामान चार दिवस ठेवून घ्यायचा, वर विचारायचा, 'कुठल्या वस्तीतले?' ज्या दिवशी मी स्वतः कथील वितळवलं त्या दिवसापासून तो प्रश्न मला कुणी विचारला नाही.

आता खड्डा.

निफाड तालुक्यातलंच गाव, नाव घेत नाही. 14 एप्रिलची रात्र. गावात त्याच आठवड्यात सप्ताहाचा मंडप होता, त्याला तीन वायरींची जोडणी, बोर्ड, सगळं नीट. आमच्या वस्तीत खांबावरनं दोन वायरी ओढलेल्या. फेज आणि न्यूट्रल. तिसरी नाही. तिसरी वायर म्हंजी अर्थिंग. पिनटॉप नव्हता म्हणून वायरवाल्यानं बोर्डात वायरी घालून काडेपेटीच्या काड्या खोचल्या होत्या. हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, हसू नका.

बासच्या तारा घोडीला टेकतात, घोडीतनं एक वायर आत जाते, जॅकमधनं अॅम्पच्या पत्र्याला आणि पत्र्यावरनं जमिनीला. तारा जमिनीला बांधलेल्या असतात म्हणून घरघर होत नाही. पण जमीनच नसेल आणि अॅम्पच्या आत करंट पत्र्यावर आला, तर तो कुठं जाईल? तुमच्या बोटांपर्यंत येऊन वाट बघत बसतो. गळती बारीक असली तर तुम्हाला कळतही नाही. मुंग्या आल्यासारखं होतं, वाटतं थंडी आहे. तुम्ही कोरस गायला माइकला ओठ लावता. माइक दुसऱ्या बोर्डावर. आता वाट सापडली, बोटातनं आत, ओठातनं बाहेर. आणि मध्ये काय आहे? काळीज. दोन बोर्ड दोन वेगळ्या फेजवर असले तर त्यांच्यामधला दाब 230 नाही, 400 व्होल्टच्या घरात जातो.

मी ओठ लावले. पुढचं मला नीट आठवत नाही. डावा हात मानेवर आवळला तो सुटेना. तोंडातनं आवाज निघाला म्हणतात. मी थरथरत होतो, आणि पब्लिकला वाटलं मी रंगात आलोय. टाळ्या पडल्या. एका म्हातारीनं म्हटलं, 'अंगात आलं गं त्याच्या.' कुणीतरी वीसची नोट फेकली. ढोलकीवाल्यानं माझा चेहरा बघितला, ढोलकी टाकली आणि लाकडी स्टूल उचलून माइकचा स्टँड आडवा केला. ते स्टूल लोखंडी असतं तर आम्ही दोघंही आज फोटोत असतो, हार घातलेल्या.

आठ दिवसांनी आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिला. समाजमंदिराला तिसरी वायर आणि अर्थिंग. उत्तर आलं, तरतूद नाही. दुसरा अर्ज दिला. उत्तर नाही. मग आम्ही म्हटलं, खड्डा आम्हीच खणू. खर्च काय? सात-आठ फूट खड्डा, तांब्याची नाहीतर जस्ताच्या मुलाम्याची पट्टी, कोळसा, खडे मीठ, वायर. वस्तीनं वर्गणी काढली. समाजमंदिराच्या मागं कुदळ मारली, तर बांधावरनं आवाज आला, 'खड्डा कुणाच्या जागेत खणताय?' मोजणी आणा म्हणाला. पुढच्या बाजूला गेलो, तर तो रस्ता निघाला. डाव्या बाजूला गायरान, तिथं तर कुदळ दिसली की तलाठीच येतो. मित्रांनो, येवल्याची परिषद 1935 ची, इथनं किती लांब आहे येवलं? तिथनं आजपर्यंत आपण धर्म बदलला, कपडे बदलले, गाणी बदलली. पण करंट जमिनीत सोडायला आम्हाला दोन फूट जमीन सापडेना! भूमिहीन म्हंजी काय, हे मला भाषणांत ऐकून कळलं नव्हतं. त्या दिवशी कुदळ हातात घेऊन उभा होतो तेव्हा कळलं.

शेवटी निळ्या झेंड्याच्या कट्ट्याला लागून खणला. ती जागा समाजमंदिराच्या उताऱ्यात होती, शाळेतल्या एका पोरीनं उतारा वाचून दाखवला. बायांनी मीठ आणलं, चुलीतला कोळसा आणला. पट्टी उभी केली, कोळसा-मीठ थरावर थर, वरून दहा बादल्या पाणी. मग 100 वॅटचा बल्ब घेतला, एक वायर फेजला, एक अर्थिंगला. ही कामं जाणत्या वायरमनला बरोबर घेऊन करायची, माझ्यासारखी शहाणपट्टी करायची नाही. बल्ब लखलखीत लागला. पिवळट, मिणमिणता लागला तर समजायचं, जमीन करंट घेत नाही. आमचा लखलखीत लागला. लोक बल्बकडं बघून 'जय भीम' ओरडले. मी आयुष्यात पुष्कळ गाण्यांवर टाळ्या ऐकल्यात, बल्बवर पहिल्यांदाच.

तेव्हापासून नियम केलाय. माझ्या पेटीत टेस्टर असतो. स्टेजवर चढलो की आधी अॅम्पच्या पत्र्याला टेस्टर, मग माइकच्या जाळीला. टेस्टर पेटला की मी वाजवत नाही. आणि बोर्डाच्या आधी 30 मिलीअँपिअरचं ट्रिप होणारं स्विच लावा, आरसीसीबी म्हणतात त्याला. वायरमन 'कशाला' म्हणेल. लावा. आयोजक म्हणतात, 'आजवर काही झालं नाही, नखरे कशाला?' आपला माणूस आयोजक असला तरी हेच म्हणतो, हे लिहून ठेवा. डीजेच्या भिंतीला लाखाची वर्गणी निघते, तिसऱ्या वायरीला निघत नाही. डीजेवर मी रागावत नाही, त्या भिंतीतनं निघतो तोही बासच आहे. पण त्या भिंतीला शॉक लागत नाही, आपल्याला लागतो. आणि रात्री दहाचा नियम 2000 सालापासून आहे, मला मान्य आहे. फक्त वस्तीतलं घड्याळ दहाला दहा वाजवतं आणि बंगल्यावरचं साडेबाराला. त्यावर चर्चासत्रात बोला, माझा वेळ संपत आला.

एक काम सांगून थांबतो. उन्हाळ्यात तो खड्डा वाळतो, वाळला की करंट घेत नाही. मार्च लागला की दर आठवड्याला दोन बादल्या पाणी आणि मुठभर मीठ. गेल्या वर्षी ज्या पोराकडं हे काम होतं तो पुण्याला कंपनीत लागला. या वर्षी कोण घालणार, त्यानं मागं येऊन नाव द्या. टेस्टर मी देतो. सात वाजत आले, साउंडवाला आलाय, आणि तिथनं मला त्याच्या बोर्डात काड्या दिसतायत.

जय भीम.